गाव आपला, माहिती परक्याची

२०२४ च्या अखेरीस समाजमाध्यमांवर ‘पर्यटकांनी गोव्याकडे पाठ फिरवली’ असा गदारोळ उठला. आकडेवारी दिशाभूल करणारी आहे म्हणून पर्यटन खात्याने पोलिसांत तक्रार दिली. त्या धुरळ्यात छोट्या व्यावसायिकांमधला एक जुना वाद पुन्हा वर आला आणि तो अजून शमलेला नाही. होमस्टेवाले घ्या, काजूवाले घ्या, मसाल्याच्या बागा दाखवणारे घ्या, चार जण जमले की बोलणे ऑनलाइन मार्केटिंगवर येते आणि लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, एसईओ, म्हणजे गुगलसारख्या शोधात आपले पान वर यावे म्हणून करायचे काम, ही शुद्ध लूट आहे, पैसे घेतात, इंग्रजीत अहवाल पाठवतात आणि गिऱ्हाईक काही येत नाही. दुसरा म्हणतो, गुगलच्या पहिल्या पानावर नसाल तर धंद्याला टाळे लावा, चांगली एजन्सी गाठा आणि महिन्याला वीस-पंचवीस हजार मोजायची तयारी ठेवा. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात, पण एका गोष्टीवर दोघांचे एकमत असते: एसईओ म्हणजे पैसे देऊन मिळवायचा क्रमांक. एकाला तो परवडत नाही, दुसऱ्याला परवडतो, एवढाच काय तो फरक. हे गृहीतच चुकीचे आहे आणि म्हणून हा वाद कुठेच पोहोचत नाही.

माझे म्हणणे असे. गोव्यातल्या एखाद्या गावाविषयी कुणी इंटरनेटवर काही विचारतो तेव्हा त्याला उत्तर कोण देतो, हा सार्वजनिक प्रश्न आहे. आज ते उत्तर बहुतेक वेळा गोव्याबाहेर बसलेले लोक देतात. मोठी बुकिंग पोर्टल देतात, ‘गोव्यातली दहा छुपी ठिकाणे’ असले लेख घाऊक भावात लिहिणारे देतात. पैशाच्या जोरावर त्यांनी बरेच काही मिळवले हे खरे, पण माहितीची जागा त्यांना मिळाली ती मुख्यतः आपण रिकामी सोडल्यामुळे. छोट्या व्यावसायिकाने स्वतःच्या नावावरच्या डोमेनवर, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यावर, स्वतःला पक्की ठाऊक असलेली माहिती, साध्या आणि शोधता येईल अशा मजकुरात लिहून ठेवायची, हे एसईओचे मूळ काम आहे. ते काम कुठल्याही एजन्सीला मालकाशिवाय करता येत नाही, कारण सांगण्यासारखे जे आहे ते मालकाच्या डोक्यात असते.

दिवाडीचेच बघा. बेटावर जायला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे अशा तीन बाजूंनी फेरीबोट. तिथे घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्या एका बाईंची वेबसाइट मी नीट उघडून पाहिली. ब्राउझरच्या पट्टीत पानाचे नाव नुसते ‘होम’. वर मावळत्या सूर्याचा मोठा फोटो आणि त्यावर ‘वेलकम टू पॅराडाइज’. खोलीचे दर एका चित्रात, फोन नंबरही चित्रातच, म्हणजे मोबाइलवर बोट ठेवून फोन लावता येणार नाही आणि सर्च इंजिनला तो धड वाचताही येणार नाही. ‘आमच्याविषयी’ या पानावर निसर्गाच्या कुशीत, घरापासून दूर असलेले घर वगैरे मजकूर, जो केरळातल्या नाहीतर कूर्गमधल्या कुठल्याही घराला चिकटवता यावा. फेरीबोट हा शब्द अख्ख्या वेबसाइटवर कुठेही नाही. आणि घरापुढच्या बाल्कांवात बसून आम्ही बोलत होतो तोवर त्यांचा फोन सारखा वाजत होता. मावशी, शेवटची बोट किती वाजता? गाडी बोटीत चढते का? जुन्या गोव्याच्या धक्क्यावर यायचे की रायबंदरच्या? विमान रात्री उतरले तर काय करायचे? बेटावर एटीएम आहे का? बोंदेऱ्याच्या सणादिवशी गाडी आत सोडतात का? कांदा-लसूण नसलेले जेवण मिळेल का? बाई प्रत्येकाला न कंटाळता, अगदी डाव्या-उजव्या वळणासकट सांगत होत्या.

हे सगळे प्रश्न लोक आधी गुगलला विचारतात. तिथे उत्तर मिळत नाही किंवा दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरे मिळतात म्हणून ते फोन करतात. जे फोन करायचा कंटाळा करतात ते सरळ कळंगुटला खोली घेतात. लोक कोणते शब्द टाकून शोधतात हे पाहण्याला एजन्सीचे लोक कीवर्ड रिसर्च म्हणतात आणि ज्याचे वेगळे पैसे लावतात, ते काम या बाईंच्या फोनवर रोज आपोआप होते. त्यातला एकेक प्रश्न पानावर मथळा म्हणून घातला, खाली चार ओळींत खरे उत्तर लिहिले आणि पानाला ‘दिवाडी बेटावरचा होमस्टे: फेरीबोटीने कसे यावे’ असे नाव दिले, तर त्यांच्यापुरते एसईओचे निम्मे काम झाले. उरलेल्यातला मोठा भाग म्हणजे पान मोबाइलवर झटकन उघडले पाहिजे, गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये पत्ता, फोन आणि वेळा बरोबर भरलेल्या पाहिजेत, आलेल्या रिव्ह्यूला उत्तर दिले पाहिजे. लोक काय शोधत आपल्या पानावर आले ते गुगलच्या सर्च कन्सोल या साधनात दिसते, ते महिन्यातून एकदा पाहायचे. प्रोफाइल आणि सर्च कन्सोल दोन्ही फुकट आहेत.

आता पहिल्या तटाची बाजू. लूट होते हा त्यांचा आरोप खरा आहे, आणि तो सौम्य शब्दांत मांडण्याचे मला काही कारण दिसत नाही. याच बाईंकडे एका एजन्सीचा मासिक अहवाल होता. त्यात ‘डोमेन ऑथॉरिटी’ वाढल्याचा आलेख पहिल्या पानावर. हा आकडा मॉझ नावाच्या खाजगी कंपनीने वेबसाइट शोधात किती वर येईल याचा स्वतःच्या हिशेबाने काढलेला अंदाज आहे, गुगल तो वापरत नाही. पुढे मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेले शोधशब्द, भरल्याची नोंद. वेब सर्चच्या क्रमवारीत आपण मेटा कीवर्ड विचारातच घेत नाही, हे गुगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले आहे. त्यापुढे बॅकलिंकची, म्हणजे दुसऱ्या वेबसाइटवरून आपल्याकडे येणाऱ्या दुव्यांची, लांबलचक यादी, सगळ्या कुठल्या कुठल्या परदेशी डिरेक्टऱ्या, ज्यांचा दिवाडीशी, गोव्याशी, पर्यटनाशीसुद्धा संबंध नाही. आणि करारात पहिल्या क्रमांकाची हमी. गुगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे वाक्य खुद्द गुगलच्या मार्गदर्शक पानावर आहे. ज्या माणसाला हे ठाऊक असूनही तो हमी विकतो, त्याला फसवणूक करणाराच म्हटले पाहिजे. पण त्याने विकले ते एसईओ होते का? पानाचे नाव ‘होम’ आहे आणि फेरीबोटीचा उल्लेख नाही, ही गोष्ट त्या अहवालात एका ओळीनेही आलेली नव्हती. भोंदू वैद्य भेटला म्हणून औषधशास्त्र खोटे ठरत नाही, मग इथेच तो न्याय का लावायचा?

आणि दुसऱ्या तटाने, जो पैसे मोजायला तयार बसला आहे, त्याने या धंद्याचा इतिहास एकदा वाचावा. गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये जी पद्धत मांडली तिच्यात एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे एक प्रकारचे मत होते. मताला किंमत आली की मतांचा बाजार भरतो, तसा तो भरला. २००६ मध्ये जर्मनीतल्या बीएमडब्ल्यूच्या वेबसाइटने सर्च इंजिनला एक आणि माणसाला दुसरे पान दाखवले, तेव्हा गुगलने तिला यादीतून काढून टाकले. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीच्या विकतच्या दुव्यांचा प्रकार वर्तमानपत्राने उघड केला आणि तिची पाने रातोरात खाली गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत गुगलच्या क्रमवारीतल्या पांडा नावाच्या बदलाने भरताड मजकुराला आणि एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विनने विकतच्या दुव्यांना चाप लावला. मार्च २०२४ मध्ये नवे नियम आले, त्यांत क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात पाडलेला मजकूर, मग तो यंत्राने पाडलेला असो वा माणसांनी, गैरप्रकार म्हणून नोंदवला गेला. युक्ती निघते, काही महिने चालते, पकडली जाते. बीएमडब्ल्यू त्यातून सावरते, कारण तिचे नाव लोकांना तोंडपाठ आहे. काणकोणच्या काजूवाल्याची वेबसाइट एकदा खाली गेली तर तिला कोण विचारणार?

याहून जड एक आक्षेप आहे आणि विचार करणारी माणसे तोच घेतात. ती म्हणतात, ज्या मैदानात पंचच एका संघाचा मालक आहे तिथे खेळायचेच कशाला? हे मला मान्य आहे, पूर्ण मान्य. जाहिरातीवर चालणारे सर्च इंजिन मुळातच जाहिरातदारांकडे झुकेल आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल, असे पेज आणि ब्रिन यांनीच १९९८ च्या आपल्या निबंधात लिहून ठेवले होते. दोन वर्षांत त्यांच्या कंपनीने जाहिराती सुरू केल्या. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्चमधल्या पक्षपाताबद्दल गुगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संघीय न्यायालयाने गुगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निर्वाळा दिला. छोट्या माणसाला सर्वांत जास्त झोंबणारी गोष्ट तर वेगळीच आहे. कुणी तुमच्या घराचे नाव टाइप करून शोधले तरी वर बुकिंग पोर्टलची जाहिरात येऊ शकते, म्हणजे तुम्हाला आधीच ओळखणाऱ्या पाहुण्यावरही तुम्ही कमिशन भरता. बुकिंग डॉट कॉम आणि मेकमायट्रिप यांच्यातल्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले की ग्राहकाचा गोंधळ होत नसेल तर दुसऱ्याचे नाव जाहिरातीसाठी नुसते कीवर्ड म्हणून वापरणे हा ट्रेडमार्कचा भंग ठरत नाही. मेकमायट्रिपसारखी मोठी कंपनी जिथे आपल्या नावावरची बोली थांबवू शकली नाही, तिथे दोन खोल्यांचे घर काय थांबवणार?

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? ‘गोव्यातले हॉटेल’ हा शब्द पोर्टलांनी जिंकला आहे आणि तो परत मिळणार नाही, हे कबूल करून पुढे जाऊ. त्या शब्दासाठी एजन्सीला पैसे देणे म्हणजे मांडवीत ओतणे आहे. मात्र ‘दिवाडीला रात्री अकरानंतर पोहोचता येते का’ या प्रश्नावर पोर्टलकडे सांगण्यासारखे काही नाही. त्यांच्याकडे लाखो खोल्या आहेत, एकाही धक्क्याची माहिती नाही. पंच पक्षपाती असला तरी त्याला उत्तर कुठून तरी आणावेच लागते, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर एकाच घरात ठाऊक आहे तिथे त्याला त्या घराकडे यावे लागते. लांबलचक, बारीक, स्थानिक प्रश्नांचा हा प्रदेश मोठा आहे, आणि असा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा यायचे ठरवूनच विचारत असतो.

पोर्टल सोडा असे मी म्हणत नाही. नव्या घराला पहिले पाहुणे तिथूनच येतात. हिशेब मात्र करा. तीन हजारांच्या खोलीवर वीस टक्के कमिशन गेले तर सहाशे रुपये, वर्षात शंभर रात्री भरल्या तर साठ हजार. त्यातले पंचवीस पाहुणे जरी दुसऱ्या वेळी एकेका रात्रीसाठी थेट तुमच्याकडे आले तरी पंधरा हजार घरात राहिले, आणि डोमेनचा खर्च वर्षाला हजार रुपयांच्या आसपास असतो. थेट येणाऱ्याला कमी दर देण्याचे स्वातंत्र्यही आयते मिळालेले नाही. पोर्टलपेक्षा स्वस्त दर दुसरीकडे द्यायचा नाही, अशी अट हॉटेलांवर लादल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटींचा दंड केला आणि अशी कलमे बदलायला सांगितली. एवढी लढाई होऊनही थेट दर दाखवायला आपल्याकडे स्वतःचे पानच नसेल, तर त्या निकालाचा आपल्याला उपयोग काय?

तरुण मुले मला म्हणतात, वेबसाइट कोण बघतो, आता सगळे इन्स्टाग्रामवर. त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या ओढ्याचे रील जितक्या लोकांपर्यंत पोहोचते तितके वेबसाइटला वर्षात दिसत नाहीत. पण रील बघणारा त्या क्षणी काही शोधत नसतो, त्याच्यासमोर ते येते आणि पुढे सरकते. शोधणारा माणूस गरज घेऊन येतो. त्याहून मोठी गोष्ट मालकीची आहे, आणि ती गोव्यात तरी समजावून सांगावी लागू नये. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेल्या मुंडकाराला भाटकाराची मर्जी फिरली की चंबूगबाळे उचलावे लागे. मुक्तीनंतर, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, मुंडकाराला हुसकावण्यापासून संरक्षण देणारा १९७५ चा कायदा झाला. समाजमाध्यमावरच्या खात्याला तसले कसलेही संरक्षण नाही. खाते हॅक झाले, चुकीच्या तक्रारीवर बंद पडले, किंवा कंपनीने ठरवले की आता अशा पोस्ट कमी लोकांना दाखवायच्या, तर दाद मागायला मामलेदार नाही. रील जरूर करा, पण त्याखाली द्यायचा पत्ता स्वतःच्या घराचा असू द्या. आणि ते घर खरेच आपले आहे ना, हेही तपासा. जमीन घेताना एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा, उतारा पाहिल्याशिवाय आपण सही करत नाही. डोमेन मात्र एजन्सीच्या नावावर नोंदवलेले आहे, पासवर्डही तिच्याकडेच आहेत, हे मालकाला पैशांवरून भांडण झाल्यावर कळते, आणि तोवर त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर, पाटीवर, काजूच्या पाकिटावर तोच पत्ता छापून झालेला असतो.

एआयमुळे एसईओ संपले, असेही आता ऐकू येते. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गुगल शोधाच्या वरच यंत्राने तयार केलेले उत्तर दाखवू लागले आणि क्लिक करून आत येणारे लोक त्यामुळे कमी होतात, हे मला मान्य आहे. ज्यांचे पोटच क्लिकवर आहे, त्या बातम्यांच्या आणि पाककृतींच्या वेबसाइटवर हा घाला आहे आणि त्यांची तक्रार रास्त आहे. होमस्टे किंवा काजूचा कारखाना क्लिक विकत नाही. उत्तरात बोटीची वेळ बरोबर आली आणि खाली घराचे नाव आले, तर पाहुण्याने पान उघडले काय, न उघडले काय, तो खोलीपर्यंत पोहोचतो. ते यंत्र उत्तर आणते कुठून? लिहिलेल्या पानांतून. गावातल्या माणसाने पान लिहिलेच नसेल तर ते गावात कधी पाऊल न ठेवलेल्याच्या लेखातून आणेल, आणि तितक्याच आत्मविश्वासाने सांगेल.

भाषेच्या बाबतीत तर आपण स्वतःहून हार पत्करली आहे. वेबसाइट म्हटली की इंग्रजी, असे गोव्यात ठरूनच गेले आहे. परदेशी आणि दिल्ली-बंगळूरच्या पाहुण्यासाठी इंग्रजी लागणारच. पण फोंड्याकडे बघा. सोळाव्या शतकात देवळे मोडली जाऊ लागली तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून आणि रामनाथ लोटलीहून फोंडा महालात आणले गेले. त्यांचे कुळावी आज मुंबई, पुणे, बेळगाव, कारवार, मंगळूरपर्यंत पसरलेले आहेत. लग्न झाले, मूल झाले की ही कुटुंबे कुलदेवतेला येतात. यातले कितीतरी लोक मोबाइलवर मराठीत बोलून किंवा रोमन अक्षरांत मराठी लिहून शोधतात. अभिषेकाला आदल्या दिवशी नाव द्यावे लागते का? अग्रशाळेत खोली कशी मिळते? कौल लावायचा तर कोणत्या वेळी यावे? म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या चढाव्या लागतील का? इंग्रजी पर्यटन पानांना या प्रश्नांचा पत्ताच नाही, ती मंदिराची वास्तुशैली सांगून मोकळी होतात. म्हाळसेचे देऊळ असलेल्या म्हार्दोळच्या एखाद्या खानावळीने किंवा लॉजने हे एक पान सरळ मराठीत लिहिले, तर त्याला स्पर्धाच नाही.

माध्यमापुढे भाषेने नमते घेतल्याचा अनुभव गोव्याला जुना आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात आला, आणि १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण राशोलला छापले गेले ते रोमन लिपीत. ओव्या मराठी, पण मराठी अक्षरांचे छपाईचे खिळे इथे नव्हते. तेव्हा यंत्राची अडचण होती. आजच्या यंत्राला देवनागरी वाचता येते, मराठीतला प्रश्न कळतो, मराठी पान सापडते. चारशे वर्षांपूर्वी खिळ्यांवाचून अडले होते, आज पान लिहिणाऱ्या माणसावाचून अडले आहे, आणि याला जबाबदार दुसरे कुणी नाही.

यानंतर उरतो तो आक्षेप, जो मला रात्री झोपताना आठवतो. गोव्यातले अनेक समंजस लोक म्हणतात, आम्हाला सापडायचेच नाही. पर्रा गावच्या माडांच्या रस्त्याचे काय झाले ते त्यांनी पाहिले आहे. तो रस्ता सिनेमात आणि मग फोटोंत गाजला, गर्दी आणि कचरा इतका वाढला की पंचायतीने फोटो काढणाऱ्यांवर कर लावायचा प्रयत्न केला, त्यावर टीका झाली आणि तो मागे घ्यावा लागला. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये लोकांच्या दारात, खिडकीत उभे राहून फोटो काढणाऱ्यांमुळे राहणाऱ्यांना स्वतःच्या घरात निवांतपणा उरलेला नाही. मग ज्या गावाला अजून शांतता आहे त्याने वेबसाइटवर स्वतःचा डांगोरा का पिटावा? ही भीती खरी आहे आणि तिला ‘विकासाला विरोध’ म्हणून उडवून लावणाऱ्यांशी मी कधीच सहमत होणार नाही.

तरीही विचारतो, पर्र्याचा रस्ता जगाला कुणी दाखवला? पर्र्याच्या लोकांनी? त्यांनी तर काहीच लिहिले नव्हते. गाव गप्प राहिल्याने लपत नाही, त्याच्याविषयी बोलणारे दुसरे होतात आणि त्यांना गावाच्या कचऱ्याशी देणेघेणे नसते. काही वर्षांपूर्वी बागाजवळ लोकांनी एक फलक लावला होता. गुगल मॅपने तुम्हाला फसवले आहे, इथून बागा किनाऱ्याला रस्ता नाही, मागे वळा, असा त्याचा आशय. त्याचे छायाचित्र देशभर फिरले. रोज दारात येऊन अडकणाऱ्या गाड्यांना कंटाळलेल्या त्या रहिवाशांचा वैताग मला पुरेपूर कळतो. पण बरोबर रस्ता त्यांना ठाऊक होता, आणि तो त्यांनी लिहिला तो चुकून येऊन पोहोचलेल्यांसाठी. नकाशातली चूक गुगलला कळवण्याची सोय कुणालाही फुकट आहे. चूक जिथे जन्मते तिथे दुरुस्त करायची की दारात, एवढाच प्रश्न आहे.

धबधब्यांचे प्रकरण तर जिवाशी आहे. २०२३ च्या पावसाळ्यात नेत्रावळीकडे माणसे बुडाली आणि वन खात्याने धबधब्यांवर जायला बंदी घातली. ‘पावसाळ्यात गोव्यातले हे धबधबे चुकवू नका’ असले लेख मात्र दर जूनला नव्या तारखेने वर येतात, कारण ते लिहिणाऱ्याला पाणी किती वेगाने चढते हे माहीत नसते आणि माहीत असायची गरजही नसते. तिथल्या होमस्टेच्या पानावर लिहिले असते की जून ते सप्टेंबर ओढ्यात उतरू नका, बंदी आहे का ते आधी विचारा, मोठी बस गावात वळत नाही, संध्याकाळनंतर मोठा आवाज चालत नाही, तर कोणता पाहुणा येईल आणि कोणता परस्पर दुसरीकडे जाईल, हे त्या पानानेच ठरवले असते. शिवाय काही गोष्टी लिहायच्याच नाहीत, हा अधिकारही लिहिणाऱ्याकडेच असतो. देवराईकडे जाणारी पायवाट, गावाच्या पिण्याच्या पाण्याची झर, बायका कपडे धुवायला जातात ती जागा, हे सगळे पानावर यायला नको हे गावातल्या माणसाला न सांगता कळते. घाऊक लेख लिहिणाऱ्याकडून या संयमाची अपेक्षा करता येईल का? कशासाठी सापडायचे आणि कशासाठी सापडायचे नाही, हे ठरवणे हाही एसईओचाच भाग आहे, आणि मला तर तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

हे सगळे एकट्यादुकट्या मालकावर टाकून सरकारला मोकळे सोडता येणार नाही. पर्यटन खाते १९८२ च्या कायद्याखाली हॉटेलांची आणि होमस्टेंची नोंदणी करून घेते. गोव्याच्या काजूला आणि बेबिंका या मिठाईला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे अस्सल उत्पादक कोण याचीही सरकारदरबारी नोंद ठेवता येते. या याद्या तालुकावार, गाववार, शोधता येईल अशा मजकुरात खात्याच्या वेबसाइटवर टाका आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाच्या स्वतःच्या वेबसाइटचा दुवा द्या. सर्च इंजिनच्या हिशेबात सरकारी पानावरून आलेला तो एक दुवा विकतच्या दोनशे दुव्यांपेक्षा मोलाचा ठरेल आणि त्याला पैसा लागणार नाही. फेरीबोटींचे वेळापत्रक स्कॅन केलेल्या कागदाऐवजी साध्या मजकुरात, मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत ठेवा आणि बोट बंद असेल त्या दिवशी तिथे तसे लिहा. इन्फ्लुएन्सरांच्या दौऱ्यांवर होणारा खर्च आवडो न आवडो, पण हे काम त्याच्या आधीचे आहे. होमस्टेच्या नोंदणी अर्जात त्यासाठी एक रकाना वाढवावा लागेल: स्वतःच्या नावावरच्या वेबसाइटचा पत्ता. जो तो रिकामा सोडेल त्याला पंचायतीच्या सभागृहात बसवून, त्याच्या फोनवर येणारे प्रश्न विचारत विचारत, एका दुपारी पहिले पान लिहून देता येईल, आणि ते लिहून देऊ शकणारी मुले डिचोली, केपे, पेडण्याच्या कॉलेजांत आजही बसलेली आहेत.